हप्त्यापुरता डॉक्टर

३ ऑक्टोबर २०२२

डॉक्टर फ्रिडोलिन एल्मर यांना,

नमस्कार. सप्रेम लिहिणार होते, पण सुरुवातच खोट्यानं कशाला करायची?

पत्र बघून आनंदून जाऊ नका, कामापुरतं लिहिते आहे. गेल्या आठवड्यात पुढच्या वर्षाचे आरोग्यविम्याचे हप्ते जाहीर झाले आणि सगळं खोरं बोंबा मारतंय, हे तुमच्या दवाखान्यापर्यंत पोचलंच असेल. माझ्या दुकानात चार दिवस चीज कमी आणि शिव्या जास्त खपल्या. माझा हप्ता महिन्याला तीनशे एकोणनव्वद फ्रँक होणार म्हणे! मी सदुसष्ट वर्षांची बाई, वर्षातून एकदा शिंकते, आणि मला हा भुर्दंड!

मग मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. मी अशी बसले की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. सगळ्या कंपन्यांचे दर मागवले, ताडून पाहिले. वर्षाचे पहिले अडीच हजार आपल्या खिशातून घालायचे आणि त्यानंतरच कंपनीनं पैसे सोडायचे, ही सगळ्यात स्वस्त अट तर मी कधीचीच घेतलेली आहे. त्याच्याही खाली यायचं तर एकच वाट उरते, घरच्या डॉक्टरची. म्हणजे यादीतला एक डॉक्टर निवडायचा, काहीही झालं तरी आधी त्याच्याकडे जायचं, आणि त्यानं चिठ्ठी दिली तरच पुढे मोठ्या डॉक्टरकडे. एवढं कबूल केलं की महिन्याला एकाहत्तर फ्रँक वाचतात.

यादी आली. आपल्या खोऱ्यात नाव एकच. मी कागद उलटून मागे पाहिलं, मागे कोराच होता. एकच नाव आणि ते तुझं. तुमचं, असं म्हणायचं होतं.

तर कळवण्याचा मुद्दा असा की मी तुम्हाला माझा घरचा डॉक्टर म्हणून निवडलं आहे. फक्त हप्त्यासाठी. आपलं बोलणं बंद आहे ते बंदच राहील. तुम्ही विसरल्याचं सोंग घ्याल म्हणून आठवण करून देते. आठ वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी, ग्लारूसच्या चौकात अख्ख्या प्रांताची सभा भरली होती. तुमची सख्खी थोरली बहीण आयुष्यात पहिल्यांदा त्या व्यासपीठावर चढली आणि म्हणाली की शनिवारी रात्री आपल्या खोऱ्यात वर येणारी उशिराची एक बस हवी, म्हणजे नाचगाण्याला गेलेली माणसं पायपीट न करता घरी येतील. आणि 'नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा' असं झाल्यावर रिंगणात तिसऱ्या ओळीत कोणाचा हात वर गेला? सगळ्या जगासमोर, मताचं कार्ड धरून, ताठ! आपल्याकडे हात कुणी मोजत नाही, सभापती नुसती नजर फिरवतात. त्यांनी तीनदा नजर फिरवली आणि म्हणाले, बस नको. तुमचा हात खाली असता तर त्यांची नजर कुठे ठरली असती हे देवालाच ठाऊक.

रस्त्यात भेटलात तर नमस्कार करू नका. मी आजारी पडणार नाही.

रोसिना मार्टी


१२ जानेवारी २०२३

डॉक्टर एल्मर यांना,

तुमच्या दवाखान्यातल्या मदतनीस मार्लीसनं कार्ड पाठवलं. 'आमच्या दवाखान्यात आपलं स्वागत आहे, एकदा येऊन प्रकृती दाखवून जावी.' कार्डावर फूलसुद्धा आहे. मार्लीसला सांगा, फुकट गेलं. मी प्रकृती दाखवायला आले तर त्याचं बिल होणार, आणि ते माझ्या त्या अडीच हजारातून जाणार. मी काय वेडी आहे?

बाकी तुमच्यामुळे मला दुकानात तोंड दाखवायची सोय उरली नाही. बाल्ट्सला तुम्ही ओळखताच. आमच्या तिघांच्या वाद्यमेळात मोठं उभं व्हायोलिन वाजवतो तो, आणि वाजवत नसला की बडबडतो. काल भर गिऱ्हाइकांत म्हणाला, "काय रोसिना, आता खोकायचं झालं तरी धाकट्या भावाची परवानगी काढायची म्हणे!" सगळे हसले. मी म्हटलं, "बाल्ट्स, तू महिन्याला किती भरतोस?" त्यानं आकडा सांगितला. मी माझा सांगितला. मग एकटी मीच हसत होते. संध्याकाळपर्यंत चार जणांनी तुमच्या योजनेचा कागद मागितला. ही तुमची जाहिरात समजू नका, हे गणित आहे.

रोसिना मार्टी


२० जून २०२३

डॉक्टर एल्मर यांना,

एक साधी चौकशी आहे. माझ्यासाठी नाही, माझ्या एका मैत्रिणीसाठी. नाव सांगायची गरज नाही, तुम्ही तिला ओळखत नाही.

तिच्या उजव्या हाताची बोटं मधूनच झोपी जातात. अंगठा आणि पुढची दोन. पहाटे मुंग्या येऊन जाग येते, मग हात झटकला की बरं वाटतं. आताशा वस्तू आपोआप पडतात. परवा झीगर चीजची अख्खी वडी पडली आणि काउंटरखाली कुत्र्यानं ती हिरवी वडी खाल्ली. कुत्र्याला काही झालं नाही. मैत्रीण बाकी ठणठणीत आहे. ती अकॉर्डियन वाजवते आणि उजव्या हाताची बटणं हल्ली तिचं ऐकत नाहीत. घरगुती काही उपाय असेल तर चार ओळी लिहाव्यात. पत्राचं बिल होत नाही, अशी माझी समजूत आहे.

रोसिना मार्टी


६ जुलै २०२३

डॉक्टर,

मी दोन पानं लिहिली आणि तुम्ही काय पाठवलंत? वेळ ठरवायचं छापील कार्ड, त्याच्या मागे पेन्सिलीनं एक ओळ: 'मैत्रिणीला गुरुवारी साडेनऊला पाठव. येताना हात घेऊन यायला सांग.'

ही काय उत्तर द्यायची रीत झाली? लहानपणापासून हा असाच. चार शब्दांत उरकायचं आणि वर स्वतःशीच हसायचं. हसत होतास ना लिहिताना? मला ठाऊक आहे, अक्षर हललंय.

मैत्रीण येणार नाही. तिला बरं वाटतंय.

रो. मा.


२० सप्टेंबर २०२३

फ्रिडोलिन,

आता 'डॉक्टर एल्मर' लिहायला हातच चालत नाही. अक्षर वाईट आहे ते त्यामुळे. होय, हात माझा आहे. मैत्रीण-बित्रीण कुणी नाही. तुला पहिल्या ओळीपासून कळलं होतं, मार्लीसनं बाल्ट्सच्या बायकोला सांगितलं, तिनं मला.

झालं ते सांगते, नाहीतर कंपनीकडून कळेल. गेल्या महिन्यात मी दुकान बंद ठेवून गुपचूप खाली शहरात गेले, हाताच्या मोठ्या डॉक्टरकडे. म्हटलं, तुझ्या दारात जाण्यापेक्षा बसचं तिकीट परवडलं. तो माणूस गोड बोलला. म्हणाला, ऑपरेशन लागेल कदाचित, तपासण्या कराव्या लागतील, तुमच्या घरच्या डॉक्टरची चिठ्ठी कुठे आहे? मी म्हटलं, घरी राहिली. तो म्हणाला, मग चिठ्ठी घेऊनच या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. एवढ्याचंसुद्धा बिल आलं. आणि पाठोपाठ कंपनीचं पत्र, की आपण अट मोडलीत, पुन्हा असं झालं तर आपल्याला स्वस्त योजनेतून काढून पूर्वीच्या हप्त्यावर बसवू. एकाहत्तर फ्रँक, फ्रिडोलिन! माझे!

तेव्हा मी मार्लीसकडे निरोप दिला की चिठ्ठी लिहून दे आणि तिच्यावर ऑगस्टची तारीख घाल. तुझा उलट निरोप आला: 'खोटी तारीख घालणार नाही. खरी हवी तर ये.'

मला इतका राग आला की मी दुकानाचं शटर दोनदा लावलं. रिंगणात पण असाच उभा होतास. सख्खी बहीणच काय, जन्मदाती आई असती तरी हात वरच गेला असता तुझा. आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास, तुला शाळेत हाताला धरून मी नेत होते, याचं तरी काही?

असू दे. माझा पेच असा आहे. पुढच्या वर्षी ऑपरेशन होणार असेल तर मला ती अडीच हजारांची अट सोडून तीनशेची घ्यायला हवी. हप्ता महिन्याला सव्वाशेनं वाढेल, पण खिशातले बावीसशे वाचतील. ऑपरेशन होणार नसेल तर मात्र हे सव्वाशे दर महिन्याला गटारात. आणि अट बदलायचं पत्र कंपनीच्या हाती तीस नोव्हेंबरच्या आत पडलं पाहिजे. म्हणजे त्याआधी मला कळायला हवं की हात कापायचा की नाही. आणि हे सांगू शकणारा, ज्याचं कंपनी मानते, तो अख्ख्या जगात एकच माणूस आहे.

अडला हरी म्हणतात ना, तशी गत. पुढचं तू म्हण.

रोसिना


८ नोव्हेंबर २०२३

फ्रिडोलिन,

मी येते. पण अटी आहेत.

मी बोलणार नाही. तू विचार, मी हात वर करीन. हो असेल तर वर, नाही तर खाली. आपल्याकडे सहाशे वर्षं सगळा कारभार असाच चालतो, एका मनगटाची तपासणी चालायला हरकत नाही. मार्लीसला सभापती म्हणून उभी कर, नंतर वाद नको.

दुसरं, चहा-कॉफी विचारायची नाही.

रोसिना


१७ नोव्हेंबर २०२३

फ्रिडली,

काल तू होतासच, तरी लिहिते. काल मी तोंड उघडलं नाही, त्यामुळे माझी बाजू नोंदवायची राहिली आहे.

आधी हे कबूल करते की तुझा दवाखाना छान आहे. खिडकीत जिरेनियम वाळलेत, पाणी घालत जा. आणि तू म्हातारा झालास रे! रस्त्यात तुला बघायचं नाही म्हणून मी मान फिरवत आले, त्या नादात तुझे केस कधी गेले ते मला कळलंच नाही.

तू विचारलंस, पहाटे मुंग्या येतात का? मी हात वर केला. मार्लीस म्हणाली, "मंजूर." तू विचारलंस, मान दुखते का? हात खाली. "नामंजूर." बाहेर बाकावर बसलेला बाल्ट्स इतका मोठ्यानं हसला की तू दार लावून घेतलंस. मग तू माझा हात हातात घेतलास. अंगठ्याखाली दाबून पाहिलंस, मनगट वाकवलंस, टिचकी मारलीस. फ्रिडली, माझा नवरा, योस्ट, जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर माझा हात कुणी असा नीट धरलेला नाही. लोक सुटे पैसे ठेवतात तळव्यावर, तेवढंच. मला रडू फुटणार होतं, म्हणून मी तुझ्या त्या सांगाड्याच्या चित्राकडे टक लावून बसले. तुला वाटलं असेल मला हाडांची आवड आहे.

तू म्हणालास, नस मनगटात दबली आहे, अंगठ्याचं मांस उतरायला लागलंय, ऑपरेशन करावं लागेल, आणि लवकर. नाहीतर अकॉर्डियन विसर. मी हात वर केला. तुला वाटलं 'हो', पण तो मी 'देवा!' म्हणून वर केला होता.

चिठ्ठी लिहिलीस, त्याच दिवसाची तारीख घातलीस, आणि मग ते विचारलंस. मार्लीसकडे न बघता, माझ्याकडेही न बघता, कागद घडी करता करता: "रोसी, माझ्याशी बोलणार आहेस का कधी?"

माझा हात वर गेला नाही. तू पाहिलंस, मार्लीसनंही पाहिलं, आणि ती बिचारी काहीच म्हणाली नाही. पण नोंद करून घे, हात बधीर होता. बधीर हाताचं मत धरत नाहीत.

अटीचं पत्र आजच टाकते. तू दारात म्हणालास ते ऐकलं मी, रजिस्टर कर, टाकल्याची तारीख चालत नाही, पोचल्याची चालते. मला शिकवू नकोस.

रोसी


२ डिसेंबर २०२३

अरे फ्रिडली,

आता बोलतो आपण, तरी हे लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. हे सगळं मी परवा तोंडानं सांगायला लागले तर तू प्रत्येक वाक्यात म्हणत होतास, "मला माहीत आहे, गाडी मीच चालवत होतो." मला मध्ये कुणी बोललेलं खपत नाही. कागद बरा, मुकाट्यानं ऐकतो.

तर माझी अक्कल. सगळ्या खोऱ्याला विमा शिकवणारी मी, पोस्टात गेले. खिडकीवरची मुलगी म्हणाली, रजिस्टर करू का? पाच फ्रँकच्या वर पडतात. मी म्हटलं, एका लिफाफ्याला? मग म्हणाली, बरं, उद्या पोचणारं तिकीट की स्वस्तातलं? आता तूच सांग, माझ्या तोंडातून दुसरा कुठला शब्द निघणार होता? आपल्या देशात असा कोण आहे जो पोटच्या पोराच्या बारशाचं आमंत्रणसुद्धा स्वस्तातल्या टपालानं पाठवणार नाही? वर त्याआधी ते पत्र मी पर्समध्ये दहा दिवस घेऊन फिरले, कारण तिकिटात वीस सेंटिमची सूट कधी मिळते का ते बघत होते. अठ्ठावीसला टाकलं. एकोणतीसला दुकानात चीज कापताना डोक्यात वीज पडली, की स्वस्तातलं टपाल तीन दिवस घेतं. म्हणजे एक डिसेंबर. म्हणजे बावीसशे फ्रँक पाण्यात, नाहीतर ऑपरेशन आणखी एक वर्ष पुढे. आणि तोवर बोटं राहतात कशाला!

रात्रभर तळमळले. तीसला सकाळी मार्लीसला फोन केला. तुला सांगू नकोस असं निक्षून सांगितलं. दहा मिनिटांत तुझी गाडी दुकानासमोर. गुरुवारी दुपारी तुझा दवाखाना बंद असतो हे खरं, पण सकाळचा नसतो. तू सगळ्यांना परत पाठवलंस ना? बाल्ट्सची बायको दाखवायला आली होती, तिनंच सांगितलं. खिडकी खाली करून तू म्हणालास, "दुसरं पत्र लिही आणि बस." मी डाव्या हातानं लिहिलं, तू माझ्या कोपराखाली पाव कापायची फळी धरलीस.

कंपनीच्या कचेरीपर्यंत सव्वा तासाचा रस्ता. मी गप्प, तू गप्प. तळ्याच्या कडेनं बर्फ भुरभुरत होतं आणि तू आपला त्या वळणावर दुधाच्या टँकरला ओलांडायला निघालास!

"अरे हळू चालव की रे मेल्या! मारतोस का मला?"

नऊ वर्षं, फ्रिडली. नऊ वर्षं मी ठरवत होते की बोलायची वेळ आलीच तर पहिलं वाक्य काय असेल. चांगली चांगली वाक्यं तयार होती माझ्याकडे, काही तर फार टोचणारी. आणि निघालं काय, तर हे! तू गाडी कडेला घेतलीस, स्टिअरिंगवर डोकं टेकवलंस, मला वाटलं चक्कर आली. पाहते तर खांदे हलतायत. हसत होतास. मग मलाही आवरेना. टँकरवाला हॉर्न देत निघून गेला, आपण दोघं आपले डोळे पुसतोय.

आणि कंपनीच्या खिडकीवरची ती चष्म्यातली बाई! तू माझं पत्र तिच्यापुढे असं ठेवलंस, जसं काही पेशंटचं हृदयच आणलंय. तिनं संगणकात पाहिलं आणि म्हणाली, "बाई, तुमचं पत्र आज सकाळच्या टपालात आलंय. अट बदललीसुद्धा." मी म्हटलं, "स्वस्तातल्या टपालानं?" ती म्हणाली, "हो, लवकर आलं." मी तुझ्याकडे पाहिलं. तू छताकडे पाहत होतास. मग मी त्या बाईला विचारलं की मग इथवर आलो त्याचा काही शिक्का मिळेल का, आणि तिनं बिचारीनं खरंच मारून दिला.

येताना तू सॉसेज खाऊ घातलंस, मोहरी लावून. मी म्हटलं, माझं मी देते. तू म्हणालास, "रोसी, गप्प बस." मी गप्प बसले. आजवर मला असं कुणी म्हटलं नव्हतं आणि मी कधी बसले नव्हते. फार बरं वाटलं.

तुझी,
रोसी


११ फेब्रुवारी २०२४

फ्रिडली,

बघ! हे ऑपरेशन झालेल्या उजव्या हातानं लिहिलेलं आहे. सावकाश, पण माझं अक्षर आहे.

काल तू गर्दीत उशिरा आलास, म्हणून सुरुवात तुला ठाऊक नाही. कार्निव्हलचा नाच, सगळे मुखवटे घालून, आणि मी पेटी गळ्यात घालून बसले तेव्हा बाल्ट्स म्हणाला, "चुकलीस तर मी जोरात ओढीन, कुणाला कळणार नाही." पहिल्या गतीला अंगठा घाबरला. दुसरीला विसरला की त्याला घाबरायचं आहे. तिसऱ्या गतीला मीच विसरले. अंगात इतका आनंद भरला की मी उठून उभी राहून वाजवलं, आणि बाल्ट्स ओरडला, "खाली बस, म्हातारे, टाके उसवतील!" टाके तीन आठवड्यांपूर्वीच निघालेत. तुला माहीत आहे, तूच काढलेस.

आणि तू नाचलास. मार्लीसच्या आईबरोबर. तुझा ताल अजून वाईट आहे.

रात्री परतताना तुला विचारलं ते पुन्हा विचारत नाही, कारण तुझं उत्तर मला पाठ झालंय. "भाषण चांगलं होतं, रोसी. बस वाईट होती. आजही हात वर करीन." मी घरी येऊन रागवायचा प्रयत्न केला. जमला नाही. जो माणूस सख्ख्या बहिणीसाठी खोटी तारीख घालत नाही, तो माझं मनगट बघून खोटं 'बरं आहे' म्हणणार नाही, एवढं तरी कळलं मला. मात्र बस चांगलीच होती. पायी यावं लागलं ना काल?

रोसी


१४ नोव्हेंबर २०२४

फ्रिडली,

हा काय चावटपणा आहे?

काल दुकानात येऊन काउंटरवर कागद ठेवलास आणि पाव घेऊन निघून गेलास. मला वाटलं पाककृती वगैरे असेल. पाहते तर दुसऱ्या कंपनीचं पत्रक, आणि मार्जिनमध्ये तुझी पेन्सिल: 'रोसी, यंदा हे बघ. फोनची योजना. माझ्यापेक्षा स्वस्त. महिन्याला ४२ वाचतील. तीसच्या आत, रजिस्टर कर.'

मी ताबडतोब कागद-पेन्सिल घेऊन बसले. तू चुकला असशील अशी फार आशा होती. तीनदा मांडलं. अटी तपासल्या, लहान अक्षरं भिंगातून वाचली. चूक नाही. हात बरा झालाय, अडीच हजारांची अट परत घ्यायची, आणि या योजनेत जायचं. काही दुखलं-खुपलं तर आधी त्यांच्या फोनवर विचारायचं, दिवसरात्र कुणीतरी बसलेलं असतं, ते सांगतील कुठे जायचं ते. घरच्या डॉक्टरची गरज नाही. महिन्याला बेचाळीस, वर्षाला पाचशेच्या वर. बाल्ट्सनं रात्रीच उडी मारली. म्हणाला, "गरज सरो, वैद्य मरो! तुझा तर भाऊच वैद्य, तो काय रागावणार?"

मी कागद भरला. नाव, जन्मतारीख, सगळं. सही करायला पेन टेकवलं.

आणि मग मी विचार करायला लागले की मला उद्या काही झालं, तर मी कुणाला फोन करणार. बाझेल नाहीतर कुठल्या शहरात एक पोरगी बसलेली असेल, शिकलेली, गोड बोलणारी. ती विचारेल, "कुठे दुखतंय?" मी म्हणेन, कुठे नाही. आणि ती विश्वास ठेवेल! तिला काय ठाऊक, मी 'मैत्रिणीचं दुखतंय' म्हणाले की काय समजायचं? ती मला 'हात घेऊन ये' म्हणणार नाही. ती तिचे सगळे पेशंट टाकून गाडी काढणार नाही. आणि मी तिला मेल्या म्हटलं तर फोन ठेवून देईल.

मला राग कशाचा आला सांगू? तू हा कागद आणलास याचा. मला तुझ्याकडून काढून टाकायला तूच निघालास! मग लक्षात आलं, तू नेहमीसारखाच हात वर केलास, आपल्याला जे खरं वाटतं त्यासाठी, मग त्यात तुझं नुकसान का होईना. असा गाढव भाऊ कुणाला मिळत नाही.

तर ऐक. कागद मी फाडला. पुढच्या वर्षीही माझा घरचा डॉक्टर तूच. मी महिन्याला बेचाळीस फ्रँक जास्त भरणार आहे. समजून उमजून, गणित बरोबर येत असताना. सदुसष्टची होते तेव्हा तुला फक्त हप्त्यासाठी निवडलं होतं, आता एकोणसत्तराव्या वर्षी हप्ता गेला खड्ड्यात, मला तू हवा आहेस.

हे खोऱ्यात कुणाला कळू देऊ नकोस. माझी काही अब्रू आहे. बाल्ट्सनं विचारलं तर सांग, तिची उडी उशिरा पडली, तारीख चुकली. तू खोटं बोलत नाहीस हे ठाऊक आहे, तेव्हा नुसता गप्प राहा.

उद्या दुपारी येते दवाखान्यात. काही दुखत नाही. नुसती येते. कॉफी ठेव. आणि त्याचं बिल लावलंस तर याद राख.

तुझी,
रोसी